प्रदर्शनाला जाऊ की क्लास लावू?

पत्राचा सारांश: मी कोल्हापूरजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या जानेवारीत आमचं डिपार्टमेंट 45 मुलांना बसने बेंगळुरूच्या आयएमटेक्स या मशीन टूल प्रदर्शनाला नेणार आहे. दोन दिवस प्रदर्शन, एक दिवस म्हैसूर, माणशी 7,500 रुपये. प्लेसमेंटचे सर सांगतात, ‘तिथं नेटवर्किंग करा, नोकऱ्या त्यातूनच लागतात.’ मित्र म्हणतात, ‘भावा, ट्रीप हाय, मजा करू.’ पप्पांचं उद्यमनगरात जॉबवर्कचं, म्हणजे इतरांचे सुटे भाग मशीनवर करून देण्याचं, छोटं दुकान आहे. गेले काही महिने काम कमी आहे. ते ‘देतो पैसे’ म्हणाले, पण ते कुठून आणणार हे मला माहीत आहे. तेवढ्याच पैशांत कॅमचा (कॉम्प्युटरवर मशीनचा प्रोग्राम तयार करण्याचा) सर्टिफिकेट कोर्स होतो. शिवाय मी अबोल आहे, इंग्रजी जेमतेम येतं, आणि अनोळखी माणसासमोर जाऊन ‘मला नोकरी द्या’ म्हणणं मला लाचारीचं वाटतं. ज्यांच्या घरात ओळखी आहेत त्यांचंच होतं, असं आजवर बघत आलोय. जावं का? आणि गेलोच, तर हे नेटवर्किंग करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली, ती पुढे सांगते. आधी तुझ्या सरांच्या वाक्याकडे बघू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू झालाय.

प्रदर्शनातल्या स्टॉलच्या आतल्या बाजूला मी नोकरीत असताना बरीच वर्षं उभी राहिले आहे. तिथे नोकरी देणारं माणूस क्वचितच असतं. असतात ते सेल्सवाले, ॲप्लिकेशन इंजिनिअर (गिऱ्हाइकाच्या कामाला कुठलं टूल, कसं वापरायचं ते सांगणारे) आणि एखादा रिजनल मॅनेजर. कंपनीने जागेचं भाडं चौरस मीटरवर मोजलेलं असतं, मशीन ट्रेलरवरून आणून क्रेनने उतरवलेलं असतं, आणि संध्याकाळी वरिष्ठ विचारणार असतात की आज चौकश्या किती आल्या. अशात अकराच्या सुमाराला कॉलेजच्या बसेस लागतात आणि एकाच रंगाच्या टी-शर्टांची लाट हॉलमध्ये शिरते. ‘सर, कॅटलॉग?’ ‘सर, पेन आहे का?’ पाच मिनिटांत लाट पुढच्या स्टॉलवर. दुपारी तीनला हीच मुलं फूड कोर्टच्या कडेला भिंतीला टेकून बसलेली असतात, मांडीवर पिशव्या, पिशव्यांत दहा किलो कागद. त्यांचा दोष नाही. त्यांना ‘नेटवर्किंग करा’ एवढंच सांगितलेलं असतं, कशाबद्दल बोलायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणजे सर चुकले का? अर्धे चुकले. नोकऱ्या ओळखीतून लागतात हे खरं आहे, आणि त्याचा अभ्यासही झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत होता? रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस सांगणारे सहातला एकच निघाले. बाकीच्यांना नोकरीची बातमी दिली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याने. कारण उघड आहे. जवळच्या मित्राला जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्याकडून येते.

तेव्हा ‘ज्यांच्या घरात ओळखी आहेत त्यांचंच होतं’ हे तुझं गृहीतक पुरतं खरं नाही. काका मॅनेजर असेल तर काम सोपं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तुला हव्या त्या ओळखी पातळ आहेत, आणि पातळ ओळख कुणालाही करता येते. फक्त ती हवेत होत नाही. मध्ये काहीतरी वस्तू लागते, एखादं काम, एखादी अडचण, जिच्याभोवती दोन माणसं दहा मिनिटं उभी राहू शकतील.

आता मला काय खटकलं ते. एवढ्या मोठ्या पत्रात पप्पांच्या दुकानावर तू दोन-तीन ओळी लिहिल्यास, आणि त्याही पैशांसंदर्भात. ‘छोटं दुकान’ म्हणालास. मशीनं कोणती आहेत, जॉब कुठले येतात, कुणाचं काम चालतं, एक अक्षर नाही. वर्गात ते कुणाला माहीत आहे का? मला शंका आहे की नसावं. लाज वाटते असं मी म्हणत नाही, पण हे दुकान म्हणजे आपल्या करिअरमधली एक बाजू आहे असं तुझ्या मनातच आलेलं नाही. कोल्हापूरचं उद्यमनगर अशाच दुकानांनी उभं केलं. शेतातल्या पाण्याच्या पंपांना आणि गुऱ्हाळांना ऑइल इंजिनं लागायची, ती इथल्या मिस्त्री लोकांनी उघडून, बघून, करून दाखवली. पुढे फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने वाढले, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी भरल्या, आणि तिथल्या कास्टिंगना, म्हणजे ओतीव भागांना, मशीनिंग करून देणारी तुझ्या पप्पांसारखी माणसं आजही त्या साखळीत आहेत. बेंगळुरूच्या त्या हॉलमधलं निम्मं सामान ज्यांना विकायचंय, त्यांच्यापैकी एक माणूस तुझ्या घरात राहतो.

म्हणून माझा पहिला सल्ला जरा वेगळा वाटेल. कॉलेजच्या बसने जायचं की नाही ते नंतर ठरव. आधी आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर पप्पांच्या दुकानात उभा राहा आणि त्यांना एकच विचार, ‘सध्या कुठला जॉब त्रास देतोय?’

समजा ते म्हणाले, ग्रे आयर्नच्या (बिडाच्या) कास्टिंगला बोअरिंग करताना, म्हणजे आतलं भोक मापात कापताना, पहिल्याच कटाला वाळू लागते, टूलची धार जाते, आणि दिवसात चार वेळा ग्राइंडरवर जावं लागतं. झालं, तुला प्रश्न मिळाला. पण हा प्रश्न असाच नेलास तर समोरचा तुलाच उलट विचारेल, कटिंग स्पीड किती? डेप्थ किती घेता? मोटर किती एचपीची? कोरडं चालवता की कूलंट? ते आधी मोजून ने. बोअरचा व्यास 100 मिलिमीटर आणि स्पिंडल 250 आरपीएमवर असेल, तर कटिंग स्पीड मिनिटाला सुमारे 79 मीटर येतो. दुसऱ्या वर्षी परीक्षेत हे सूत्र तू लिहिलंच असशील, एकदा दुकानातल्या लेथवर लावून बघ. झिजलेल्या टूलचा जवळून फोटो काढ. कास्टिंगच्या कातडीचा, म्हणजे वाळू चिकटलेल्या वरच्या थराचा काढ. शक्य असेल तर जुनं टूल कागदात गुंडाळून खिशातच ठेव.

मग कटिंग टूलच्या स्टॉलवर जा. इन्सर्टच्या (टूलच्या टोकाला बसवायच्या धारेच्या तुकड्यांच्या) डब्यांवर कुठल्या धातूसाठी ते सांगणाऱ्या रंगाच्या खुणा दिसतील, स्टीलला निळा, स्टेनलेसला पिवळा, कास्ट आयर्नला लाल. तिथल्या ॲप्लिकेशन इंजिनिअरसमोर फोटो धर आणि म्हण, ‘सर, आमचं कोल्हापूरला जॉबवर्क आहे. हा जॉब त्रास देतोय. जुना लेथ आहे, यावर काय करता येईल?’ पुढे काय होईल ते मी तुला आत्ता सांगू शकते. तो फोटो मोठा करून बघेल. ‘पहिला कट किती घेता?’ म्हणेल. ‘अर्धा मिलिमीटर’ म्हणालास तर मान हलवून सांगेल, तिथंच चूक आहे, नोक वाळूतच घासत राहते, मशीनची ताकद असेल तर पहिल्याच कटाला कातडीच्या खाली जा. एखाद्या ग्रेडचा नंबर लिहून देईल. खुर्ची ओढून देईल, चहाही मागवेल कदाचित. सकाळपासून पेनं वाटून कंटाळलेल्या माणसाला खरा प्रश्न मिळाला की तो सहजी सोडत नाही. यात लाचारी कुठे आली? त्याचं काम त्याने केलं, तुझं तू केलंस. नोकरीचा शब्दही निघाला नाही, आणि या भेटीत तो काढूही नकोस.

इंग्रजीची काळजी तर सोडूनच दे. पुणे-चाकणची माणसं निम्म्या स्टॉलांवर मराठीत बोलताना सापडतील. राजकोटवाला हिंदीत बोलेल, बेंगळुरूचा इंजिनिअर तुझ्यासारखीच मोडकी हिंदी बोलेल. टूल, फीड, इन्सर्ट, रनआउट हे शब्द तर तू रोज वापरतोसच. अबोल असण्याचाही इथे तोटा नाही. स्टॉलवर जास्त बोलणारे खूप येतात, नीट ऐकून वहीत लिहून घेणारे कमी.

आता जायचं कसं, ते बघू. मला सुचतंय ते असं, पप्पांनाच घेऊन जा.

हसू नकोस. टी-शर्टातल्या विद्यार्थ्याला स्टॉलवर कॅटलॉग मिळतो. ‘प्रोप्रायटर’ लिहिलेलं कार्ड पुढे करणाऱ्या माणसाला मशीनचं झाकण उघडून दाखवतात, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला मुलगा सगळं ऐकतो. पप्पा आयुष्यभर लेथवर आहेत. कुठलं मशीन खरं बोलतंय आणि कुठलं नुसतं चकचकीत आहे, हे त्यांना आवाजावरून कळेल. तुला कंट्रोल पॅनेलवर काय चाललंय ते कळेल. तुम्ही दोघं मिळून जे बघाल ते 45 जणांच्या बसला दिसणार नाही.

खर्च कागदावर मांड. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे, रात्रीत नेते. स्लीपरचं तिकीट काहीशे रुपयांत येतं, फक्त आधी काढावं लागतं. यशवंतपूरला उतरलात की तिथूनच मेट्रोची ग्रीन लाइन आहे. नोव्हेंबर 2024 पासून ती मादावरापर्यंत जाते आणि ते स्टेशन प्रदर्शनाच्या दारातच आहे. एक रात्र साध्या लॉजवर काढली, दोन दिवस प्रदर्शन बघितलं आणि रात्रीच्या गाडीने परत, तर दोघांचा खर्च तुझ्या एकट्याच्या 7,500 च्या आसपास बसावा. पप्पांचे दोन-तीन दिवसांचे जॉब बुडतील, तेही त्यात धर. प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन आधीच कर. विद्यार्थ्यांसाठीचे नियम वेगळे असतात, तेही तेव्हाच वाच. आणि एक साधी गोष्ट, जी बऱ्याच कॉलेजांना बस लागल्यावर कळते. हे प्रदर्शन आलटून-पालटून दोन प्रकारचं होतं. 2023 आणि 2025 ला कटिंगचं झालं, म्हणजे लेथ, मिलिंग, टूल्स. 2024 आणि 2026 ला फॉर्मिंगचं, म्हणजे प्रेस आणि शीट मेटल. तुमच्या कामाचं कटिंगचं आहे. सर कुठलं दाखवायला नेतायत ते विचारून घे.

या बेताला दोन अडचणी आहेत. कॉलेजात इंडस्ट्रियल व्हिजिटचे टर्मवर्कचे गुण असतात. स्वतंत्र जाऊन अहवाल दिला तर चालेल का, हे सरांना लेखी विचार. बहुतेक चालतं. दुसरी अडचण पप्पा. ‘मी काय करू तिथं, मला काय कळतंय’ असं ते म्हणण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडच्या कारागिरांना मोठ्या काचेच्या हॉलमध्ये जायला संकोच वाटतो, आणि मुलाच्या शिक्षणाच्या जागी आपण लुडबुड करू नये असंही वाटतं. त्यांना ‘माझ्या करिअरसाठी चला’ म्हणू नकोस. ‘त्या जॉबचं बघून येऊ’ म्हण.

पैसे खरोखरच नसतील, कुणाकडून उचलावे लागणार असतील, तर बेंगळुरू रद्द कर, निःसंकोच रद्द कर. शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, उद्यमनगरातली कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजकांच्या संघटना तुझ्या घरापासून बसच्या अंतरावर आहेत. फाउंड्रीवाल्यांची इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन ही संस्था आहे, तिचं कोल्हापूर चॅप्टर आहे. तिथली व्याख्यानं, बैठका कधी असतात ते विचार. ज्या कारखान्यांत तुझ्या वर्गातली मुलं पुढच्या वर्षी अर्ज करणार आहेत, त्यांचे मालक आणि प्लांट हेड तिथे साध्या खुर्च्यांवर बसलेले असतात. बेंगळुरूला भेटणाऱ्या माणसापेक्षा ही ओळख जास्त टिकते, कारण ती पुन्हा भेटते.

कॅमच्या कोर्सचं राहिलं. कोर्स वाईट नाही, पण तो पुढच्या महिन्यातही मिळेल आणि त्याच्या पुढच्याही. कटिंगचं प्रदर्शन दोन वर्षांनी येतं, तेव्हा तू कॉलेजात नसशील. शिवाय कोणता कोर्स, हेच अजून तुला नीट माहीत नाही. क्लासवाला त्याच्याकडे आहे ते शिकवेल. प्रदर्शनात दहा ठिकाणी विचार की तुमच्या ग्राहकांकडे कुठलं सॉफ्टवेअर चालतं, मशीनवरचा कंट्रोल फॅनुक कंपनीचा जास्त आहे की सीमेन्सचा, आणि नवा पोरगा आला तर त्याला काय येत नाही म्हणून तुम्ही वैतागता. हा शेवटचा प्रश्न मी कुणालाही विचारायला सांगते. याचं उत्तर सगळे भरभरून देतात. त्या उत्तरांवरून कोर्स निवड.

प्रत्यक्ष त्या दोन दिवसांसाठी थोडं सांगते. हॉलचा नकाशा आधी उतरवून घे आणि आठ-दहाच स्टॉल ठरव. सकाळी दार उघडल्यावरचा पहिला तास आणि दुपारी चारनंतरचा वेळ चांगला, मधल्या गर्दीत नुसतं बघत फिर. समोर गिऱ्हाईक बसलं असेल तर मध्ये घुसू नकोस. ‘नंतर येतो’ म्हण आणि खरंच नंतर ये. बायोडेटाच्या तीस प्रती नेऊ नकोस, त्या रात्री स्टॉल आवरताना कुठे जातात ते मी पाहिलेलं आहे. कार्ड मिळालं की लगेच त्याच्या पाठीवर लिही, काय बोललो, त्याने काय सांगितलं. रात्री लॉजवर बसल्यावर बारा कार्डं एकसारखीच दिसतात. कार्ड नसेल तर नाव आणि नंबर विचार, आणि ‘व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर चालेल का?’ एवढं विचारून ठेव.

खरं काम परत आल्यावर आहे, आणि नव्वद टक्के मुलं तेच करत नाहीत (आकडा माझ्या अंदाजाचा). त्याने सांगितलेलं दुकानात करून बघ. मग आठवड्याभरात असा एक निरोप पाठव:

‘नमस्कार सर. मी कोल्हापूरचा, वाळूच्या कास्टिंगचा फोटो दाखवला होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिला कट दोन मिलिमीटर घेतला. टूल आता दिवसभर चालतंय, फक्त शेवटी फिनिश थोडं खरखरीत येतं. फोटो जोडतोय. वेळ मिळाला तर सांगा. धन्यवाद.’

करून बघितल्यावर जमलं नाही, तरी तसंच कळव. आपला सल्ला कुणीतरी वापरून बघितला आणि त्याचं काय झालं ते सांगितलं, असं त्या माणसाच्या नोकरीत वर्षातून किती वेळा होत असेल? तो तुझा नंबर ‘कोल्हापूर कास्टिंग’ म्हणून सेव्ह करेल. असे तीन-चार जण झाले तरी पुष्कळ. मार्च-एप्रिलमध्ये त्यांनाच विचार, ‘सर, उन्हाळ्यात सहा आठवडे शिकायला कुठं जाता येईल? कुणाला विचारू?’ नोकरी मागितली की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणणं सोपं असतं. ‘कुणाला विचारू’ म्हटलं की तो एखादं नाव देतो. पदवीनंतरच्या अप्रेंटिसशिपसाठीही असंच विचारता येईल. केंद्र सरकारची राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजना पदवीधरांसाठीही आहे. कोणती कंपनी त्यातून मुलं घेते आणि नंतर ठेवून घेते, हे पोर्टलवर कळत नाही, आतल्या माणसाला माहीत असतं.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी कुणी म्हणेल, आमच्या वडिलांचं कुठं दुकान आहे? नसेना का. पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या किसान या शेती प्रदर्शनाला जाणाऱ्या कृषीच्या मुलीने गावातल्या एखाद्या शेतकऱ्याचं ठिबक का चोक होतं ते आधी बघून जावं. इचलकरंजीच्या टेक्स्टाइलच्या मुलाने शेजारच्या मागावर धागा कुठे तुटतो ते तासभर बघावं. उसना आणलेला प्रश्नही चालतो, फक्त तो खरा हवा आणि उत्तर त्या माणसापर्यंत परत पोचवायला हवं. तसं केलंत की गावातही एक माणूस तुमचा होतो.

पप्पा नाहीच म्हणाले आणि कॉलेजच्या बसनेच जायचं ठरलं, तरी जा. फक्त सरांना दोन गोष्टी आजच विचार. 45 जणांचे चार-चारचे गट करून वेगवेगळे सोडता येतील का? आणि म्हैसूरच्या दिवसाऐवजी ज्यांना हवं त्यांना पीण्यात थांबता येईल का? पीण्या औद्योगिक वसाहत त्याच मेट्रो मार्गावर, यशवंतपूर आणि मादावराच्या मध्ये आहे, आणि तिथे तुमच्या उद्यमनगरासारखीच जॉबवर्कची दुकानं ओळीने आहेत. एकट्याने जाऊ नकोस, दोघं-तिघं मिळून जा. एखाद्याच्या दारात उभं राहून सांग की वडिलांचं कोल्हापूरला असंच दुकान आहे, बघू का. प्रदर्शनातली मशीनं घेतल्यावर त्यांचा हप्ता खरंच सुटतो का, हे तिथला मालक सांगेल. ते ऐकायला पप्पांनाही आवडेल.